मोकळं पाणी

"मास्तर, हे बघा जरा!" पोकलेनवाल्याने वरूनच हाक मारली.

निवृत्त पोस्टमास्तर विजार सावरत चिखलात उतरले. या तळ्यासाठी त्यांनी चार वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. लोक त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे तळेमास्तर. आज कुठे पालिकेने यंत्र दिलं होतं, तेही संध्याकाळपर्यंतच. सकाळपासून बहुतेक सगळं गवत आणि पाणकणसं उपटून झाली होती. या काठावरून तो काठ दिसायला लागला होता.

आता पाणकणसांचं एक शेवटचं बेट उरलं होतं. यंत्राच्या दातांपासून दोन हातांवर, पाती वाकवून केलेलं एक बसकं घरटं होतं. त्यात चार अंडी. बदामी, तांबूस ठिपक्यांची.

"काहीतरी हललं म्हणून थांबलो," पोकलेनवाला म्हणाला. "तर ही."

ही म्हणजे जांभळी पाणकोंबडी. लाल चोच, लाल कपाळ, लांब लाल पाय, आणि ऊन पडेल तसा निळ्याचा जांभळा होणारा रंग. उघड्या चिखलात उभी राहून ती सारखी शेपूट झटकत होती. उडून जात नव्हती. जवळही येत नव्हती.

"तुमच्या बोर्डावर हीच आहे ना?"

मास्तरांनी वळून पाहिलं. फाटकावर फलक होता, 'आपलं तळं, आपला अभिमान'. खाली पाणकोंबडीचा फोटो. तो त्यांनीच निवडला होता. तळं स्वच्छ झालं की हा पक्षी सुखाने नांदेल, असं त्यांनी प्रत्येक निवेदनात लिहिलं होतं.

"हो," ते म्हणाले. "हीच."

"मग आता?"

"थांब जरा."

"डिझेल जळतंय, मास्तर."

त्यांनी पालिकेतल्या साहेबांना फोन लावला. "साहेब, शेवटच्या तुकड्यात घरटं निघालं."

"घर? अतिक्रमण आहे का?"

"घर नाही हो, घरटं. पक्ष्याचं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "अर्जात 'गवत समूळ काढावं' असंच आहे, खाली सही तुमचीच आहे मास्तर. ठेवायचं असेल तर तसा वेगळा अर्ज द्या."

"पण तोवर यंत्र…"

"यंत्र आजच्या दिवसच आहे."

तेवढ्यात त्यांची बायको डबा घेऊन आली. दोघं काठावर बसली. मास्तरांनी डबा उघडला आणि तसाच मांडीवर ठेवला.

"अहो, मग इतके दिवस ही राहायची कुठे?" तिने विचारलं.

"इथेच."

"या घाणीत?"

"हो. म्हणजे…" मास्तर अडले. सगळ्या अर्जांत त्यांनी हाच शब्द लिहिला होता. घाण. आता तो जिभेवर येईना. "तिला ती… तशी वाटत नसावी," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच नीट कळलं नाही.

डबा न खाताच ते उठले. "तेवढं राहू दे," त्यांनी पोकलेनवाल्याला सांगितलं. त्याने खांदे उडवले आणि यंत्र वळवलं.

संध्याकाळी फिरायला आलेली मंडळी पाण्याकडे बघून खूश झाली. कुणी मास्तरांचे हात हातात घेतले, कुणी फोटो काढले. एक बाई म्हणाल्या, "काका, छानच झालं हो. पण मध्ये तेवढं का ठेवलंत? दाढी करताना वस्तरा हरवल्यासारखं दिसतंय."

सगळे हसले. मास्तरही हसले. आपण का हसलो, ते मात्र त्यांना उमजेना.

गर्दी पांगल्यावर पाणकोंबडी बेटातून बाहेर आली. लांब बोटं पसरत, मोकळ्या चिखलावरून चालत ती रस्त्याच्या कडेला पोचली. तिथे दिवसभर उपटलेल्या पाणकणसांचा डोंगर रचलेला होता. तिने चोचीने एक पातं धरलं, हिसका देऊन उपसलं, ओढत नेलं आणि घरट्याच्या कडेला खोचलं. मग पुन्हा आली. दुसरं घेऊन गेली. मास्तर बघत राहिले. मोकळ्या पाण्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

ती तिसऱ्यांदा ढिगाशी आली, तेव्हाच तो ढीग उचलायला आलेला डंपर मागे मागे सरकत येऊ लागला. मास्तर ढिगापुढे उभे राहिले. त्यांचा हात आपोआप वर गेला.

चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काका, हात कसला दाखवताय? येऊ, की थांबू?"

मास्तरांचा हात वरच राहिला.