लुगड्याचा तुकडा

वडिलांच्या नावानं दान करायचं म्हणून मनोज आईला घेऊन अकोल्यातल्या लोकनिधी संस्थेत आला. गावच्या देवळाला संगमरवरी कमान द्यायची, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. आईनं फक्त सही करायची होती. पण तिथं कुटुंबांना दानाबद्दल सल्ला देणाऱ्या शाहीनताईंनी आईलाच विचारलं, “काकू, तुमच्या मनात काय आहे?” मनोज हसला. “तिले काय विचारता?” आई हळूच म्हणाली, “हा सरकारी दवाखान्यात झाला, तवा याले गुंडाळाले माह्याजवळ कपडा नोयता. बाजूच्या खाटेवरच्या बाईनं आपलं लुगडं फाडून देल्लं. तशा लेकराईले कपडे द्या.” मनोजची मान खाली गेली. पन्नाशी आली तरी हे त्याला ठाऊक नव्हतं. आईला त्यानं कधी काही विचारलंच नव्हतं. “कपड्यांवर वडिलांचं नाव टाकायचं ना?” शाहीनताईंनी विचारलं. “नको,” तो म्हणाला. “त्या बाईनं लुगड्यावर नाव टाकलं होतं काय?” आईकडे त्याला बघवेना.