ठोका चुकल्याशिवाय प्रवेश नाही

पद्मावती मगदूम तिसऱ्यांदा हृदयतज्ज्ञांच्या दारासमोर उभ्या राहिल्या आणि दारानं तिसऱ्यांदा तेच ऐकवलं, "ठोके नियमित आहेत. घरी जा."

दाराला समोरच्या माणसाचे ठोके दुरूनच कळायचे. ठोके बिघडलेले असले तरच ते उघडायचं. त्यानं म्हणे गर्दी कमी होते. पद्मावतींच्या वहीत आठ महिन्यांतले धडधडीचे एकोणीस झटके वेळेसकट लिहिलेले होते. कपडे वाळत घालताना, जिना चढल्यावर, कधी नुसतं बसल्या बसल्या. पण दाराला वही वाचता येत नव्हती.

"थांब, तुला चिडवतो, मग बिघडतील," त्यांचे यजमान भूपाल म्हणाले. "आपल्या लग्नात तुझ्या भावानं माझ्या आत्याला आहेर केला नव्हता."

"नव्हता केला. चुकलंच त्याचं," पद्मावती कंटाळून म्हणाल्या.

"आता चाळीस वर्षांनी म्हणतेस चुकलं?" भूपालांचा आवाज चढला. "आत्या न जेवता उठली. मी मांडवभर तिची समजूत काढत फिरतोय आणि तुझा भाऊ पान चघळत बसलाय."

त्यांनी दारावर हात आपटला. दार सरकलं.

"ठोके अनियमित आहेत. रुग्णानं आत यावं. सोबतच्यांनी बाहेर थांबावं."

"अगं, मला तर काहीच होत नाहीये," भूपाल पुटपुटले.

पद्मावतींनी घड्याळ पाहून वहीत एक ओळ लिहिली आणि वही त्यांच्या हातात कोंबली.

"शेवटचा झटका तुमचा. आधीचे एकोणीस माझे आहेत, तेवढे दाखवून या."