लाल चड्डी

व्हिडिओ चौथ्यांदा लावला तेव्हा शिस्त समितीचा अध्यक्ष नॉर्मन हेपवर्थने टीव्हीच्या काचेवर फूटपट्टी आडवी धरली. पट्टीच्या वीतभर वर क्लिफर्ड ऑल्ड्रॉइडचे दोन्ही पाय होते. डोकं खाली, बूट आभाळात. रग्बीत माणसाला उचलून पाडताना त्याचे पाय आडव्या रेषेच्या वर गेले की पकड धोकादायक, हे हॅगथॉर्पमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"वीतभर," नॉर्मनने लिहून घेतलं. एरवी तो खाटीक होता. मापात चुकत नसे.

क्लिफची बायको मेव्हिस पहिल्या खुर्चीत त्याची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. बॅगेत बूट होते, थर्मास होता आणि पुरावा होता, म्हणजे मागून फाटलेली लाल चड्डी. पस्तिशी उलटलेल्यांच्या रग्बी लीगमध्ये साठीपुढच्याने लाल चड्डी घालायची आणि लाल चड्डीला कुणी पाडायचं नाही, असा नियम. क्लिफ अडुसष्टचा. सहा वर्षांपूर्वी त्याची छाती उघडून पुन्हा शिवली होती. त्यानंतर मेव्हिसने त्याला खेळू दिलं ते त्या चड्डीच्या भरवशावर. घरात मात्र दुधाची बाटलीसुद्धा उचलू दिली नाही. आजही क्लबचा जिना ती बॅग घेऊन पुढे चढली आणि तो रिकाम्या हातांनी मागून आला.

आता त्याच्या दोन बरगड्यांना तडा गेला होता. बरगड्या त्याच्या, पण उत्तरं मेव्हिस देत होती. दुखतं का? दुखतं. झोप लागते का? कसली लागतेय. क्लिफ आपला चहा ढवळत बसला होता. चहात साखर नव्हती. तीही तिनेच बंद केली होती.

ज्याने त्याला पाडलं तो ग्लिन समोर बसला होता. सेहेचाळीस वर्षांचा, दाराएवढा. खेळायचा पलीकडच्या गावाकडून, पण राहायचा ऑल्ड्रॉइडांच्या भिंतीला भिंत लावून. मेव्हिसच्या हातचं यॉर्कशर पुडिंग खाऊन हा एवढा वाढला, हे तिने समितीला दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा नॉर्मन म्हणाला की पुडिंगची नोंद झाली आहे.

मग त्याने ग्लिनला विचारलं. राग आला होता का? नाही. चड्डीचा रंग दिसला नाही का? दिसला. पाय घसरला? नाही घसरला. मग का? ग्लिनने मेव्हिसकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या बॅगेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "दुसरं काही सांगायचं नाही."

समितीच्या तिघांनी डोकी एकत्र आणली. खालच्या हॉलमध्ये कुणीतरी बिंगोचे आकडे पुकारत होतं. कारण नाही, सबब नाही, तेव्हा शिक्षा एकच, आजन्म बंदी. सामना नाही, सराव नाही, रेषेबाहेर उभं राहून ओरडणंही नाही. ग्लिन सात वर्षांचा असल्यापासून खेळत होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं. त्याने मान डोलावली आणि बाहीला नाक पुसलं.

"मेल्यानंतरचंही लिहून घ्या," मेव्हिस म्हणाली.

क्लिफने चमचा बशीत ठेवला.

"मीच सांगितलं होतं त्याला."

"गोळ्यांनी गुंगी येते त्याला," मेव्हिसने सवयीने उत्तर दिलं.

"गुंगी नाही आलेली," क्लिफ म्हणाला. "तीन महिने मागे लागलो होतो त्याच्या. आठ वर्षं मी चेंडू घेऊन पळतोय आणि तेरा माणसं बाजूला होतात. अंत्ययात्रेला वाट द्यावी तशी. टोप्या काढायच्या तेवढ्या राहिल्यात. म्हटलं, ग्लिन, एकदा पाड मला. माणसासारखा पाड. आणि मेव्हिसला सांगू नकोस."

नॉर्मनने ग्लिनला विचारलं, हे आधी बोलायला काय झालं होतं.

"तुमची बंदी मैदानापुरती," ग्लिन म्हणाला. "मेव्हिसमावशी शेजारी राहते."

नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. त्यात असलं काही नव्हतं. शेवटी ग्लिनला चार सामने बंदी झाली, वीतभर उंचीबद्दल. मागणी केल्याबद्दल क्लिफला दोन. हे कागदावर मिळेल का, असं क्लिफने विचारलं. पन्नास वर्षांत त्याला कुणी एका सामन्यासाठीही बाहेर बसवलं नव्हतं.

मेव्हिस काहीच बोलली नाही. खरं तर याचीही नोंद व्हायला हवी होती. ती उठली, बॅग खांद्याला लावली आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबली. मागून क्लिफ आला, एक हात बरगड्यांवर धरून.

"जोरात लागलं का?" तिने विचारलं.

"बरंच," क्लिफ म्हणाला. लग्नाच्या फोटोतही तो इतका खूश दिसत नव्हता.

मेव्हिसने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खांद्यावरची बॅग काढून त्याच्या हातात दिली आणि मागे वळून न बघता जिना उतरली.