तोंडची भूक

गौरी जेवणाच्या दिवशी शशिकला पंगतीला वाढत होती. आतल्या खोलीत तिचे यजमान वामनराव श्वासयंत्रावर होते. उभी सांगली ज्यांच्या हातची कटाची आमटी मागायची, ते आचारी आता नुसते डोळे हलवू शकत. त्या डोळ्यांनीच त्यांनी समोरच्या पडद्यावर शब्द उमटवले, "भूक लागली."

शेजारी बसलेल्या वत्सलाबाईंनी, त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ते वाचलं आणि त्या तडक स्वयंपाकघरात आल्या. "शशी, वामनला नळीतून दिलं नाहीस का गं?"

"दिलंय की, वन्सं. पोट भरलंय त्यांचं, तोंड उपाशी आहे." शशिकलेनं गाल ओढून आत चिकटवलेली बारीकशी टिकली दाखवली. "अशीच त्यांच्याही गालात आहे. मी जे खाईन त्याची चव त्यांना लागते. बसतेच आता, एवढी पंगत उठू दे."

शशिकला नवी नवरी असताना नवऱ्याआधी जेवली, म्हणून याच वन्संनी तिला चारचौघांत बोल लावले होते. आज त्यांनीच तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि पाट मांडला.

"बस आधी! माझा भाऊ आत उपाशी आणि ही वाढत बसलीय!"

शशिकलेनं आमटीचा भुरका मारला. क्षणभरानं आतून पडद्यावरचे शब्द बोलून दाखवणाऱ्या यंत्राचा संथ आवाज आला, "गूळ कमी पडलाय. तरी अजून एक वाटी घे."