मोकळी साइट

"आमचां घर खंय गो ह्यात?" प्रभावती काकीने विचारलं, आणि समीक्षाच्या हातातली काडी डिंकात नको तेवढी बुडाली.

हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता. आठवडाभर ती चोपड्याला काकीच्याच सोप्यावर ठाण मांडून बसली होती. डिचोलीला समीक्षाच्या घरच्या फ्लॅटमध्ये चार माणसांची ताटं मांडायची पंचाईत, तिथं गावाचं एवढं मोठं मॉडेल कुठं मावणार. काकीने कौतुकाने सोपा रिकामा करून दिला. सकाळी पाववाल्या पोदेराकडचे गरम उंडे, दुपारी जेवण, मध्ये चहा, सगळं हातात आणून दिलं. मॉडेलात लावायला बारीक झाडं हवीत म्हटल्यावर अंगणातल्या तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्याही तिनेच खुडून दिल्या. बाकी सगळं पांढऱ्याशुभ्र पुठ्ठ्याचं होतं: उतार, रस्ता, नदी, आणि नदीकाठी समीक्षाने योजलेला मच्छीमारांचा बाजार. आज दुपारी ते आर्किटेक्चर कॉलेजात परीक्षकांपुढे मांडायचं होतं.

"मॉडेल ल्हान गे काकी," समीक्षा मान वर न करता म्हणाली. "सगळां दिसना ह्यात."

काकी चष्मा सावरून वाकली. "देवूळ दिसता. यशवंताचां दुकान दिसता. तेचो गोठोय दिसता."

घर समीक्षाने केलं होतं. सगळ्यांत आधी तेच केलं होतं, अगदी कौलांच्या रेघांसकट. पण सरांनी आराखड्यावर बोट आपटलं होतं. "हे मध्येच काय आलंय? रस्त्यापासून नदीपर्यंत पायऱ्या सरळ जाऊ देत, तोच तुझ्या डिझाइनचा जीव आहे. साइट मोकळी धर." कॉलेजात सगळे तसंच धरतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. समीक्षाने ब्लेडने घर सोडवलं, काडेपेटीत घातलं आणि पेटी पिशवीत टाकली. त्यानंतर पायऱ्या खरंच झरझर खाली उतरायला लागल्या आणि पहिला नंबर तिच्या डोळ्यांपुढे नाचायला लागला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात, हिने तर घरच उचललं होतं.

आणि तेही कुणाचं? काकीचं घर मुंडकाराचं. म्हणजे जमीन भाटकाराची आणि तिच्यावरचं घर पिढ्यान्‌पिढ्या यांचं. भाटकाराला आता ती जमीन विकायची होती. तिथं कुणी राहत नाही, एक पडकी खोप तेवढी आहे, असं त्याने मामलेदारांपुढे सांगितलं होतं. सोमवारी मामलेदार स्वतः जागा बघायला येणार होते. काका अर्धांगाने अंथरुणाला खिळल्यापासून या कामासाठी काकी एकटीच पेडण्याच्या कचेरीत खेपा घालत होती.

"तुमी शिकलेली," काकी सावकाश म्हणाली. "तुमकाच दिसना जाल्यार मामलेदाराक कशां दिसतलां?"

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

"काकी, हां खरां न्हय गे. कॉलेजीचां काम. पुठ्ठो तो."

"तां माका कळता, बाय."

काकी उठली. आंघोळ करून, तांब्या घेऊन अंगणात गेली. तुळशीला पाणी घातलं, कुंकवाची पिंजर लावली, हात जोडून प्रदक्षिणा घातली. हे तिचं रोजचंच. मग ओल्या पायांनी ती परत सोप्यावर आली. मॉडेलात पायऱ्यांच्या कडेला एक मंजिरी उभी होती, समीक्षाने झाड म्हणून लावलेली. काकीने एकदा अंगणाकडे पाहिलं, एकदा मॉडेलाकडे, आणि पिंजरीने लाल झालेलं तेच बोट मंजिरीच्या बुंध्याशी टेकवलं.

"तुळस हंय आसा. इतक्यां पुरो," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर लालभडक ठिपका उठला. समीक्षाने घाईघाईने ब्लेड उचललं, पण बोट ओलं होतं आणि रंग आत मुरला होता. खरवडला असता तर पुठ्ठ्याचा पापुद्राच निघाला असता. एक कोरा तुकडा कापून वर चिकटवला की काम भागणार होतं. तिने तुकडा कापलाही. मग मॉडेल न्यायला आलेल्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवीपर्यंत ती तो हातात धरून बसून राहिली.

दुपारी सर मॉडेलाभोवती फिरले. पायऱ्या त्यांना आवडल्या, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनाही आवडल्या. मग सर खाली वाकले.

"हा डाग कसला?"

"डाग नाही सर, पिंजर आहे. तुळशीला लावलेली."

"इथं तुळस आहे?"

"आहे. रोज पाणी घालतात तिला."

सरांच्या कपाळावर आठी चढली. बाई मात्र पुढे झाल्या आणि त्यांनी ठिपक्याजवळून त्या सरळ, मोकळ्या पायऱ्यांवर नजर फिरवली.

"तुळस असते ती कुणाच्या तरी दारात," त्या म्हणाल्या. "मग घर कुठं आहे?"

सकाळपासून दुसऱ्यांदा तोच प्रश्न. समीक्षाने शेवटचं एकदा पायऱ्यांकडे पाहून घेतलं.

"माझ्या पिशवीत आहे," ती म्हणाली.