कवीच्या ओटीवर

शैलजा इंदापूरच्या ऊसबागायतदाराची लेक, बुद्धघोष डाळजच्या बौद्ध वस्तीतला मुलगा. १९९४ साली विहारात लग्न लावून दुसऱ्याच दिवशी दोघं समुद्रकाठच्या एका जुन्या बंदराच्या गावी आली. तिथल्या दिवंगत कवीचं जपून ठेवलेलं घर एकदा बघायचं, असं त्यांनी कॉलेजातच ठरवलं होतं, आणि शैलजा ते मैत्रिणीजवळ बोलून बसली होती. दोघं कवीच्या ओटीवर असतानाच फाटकाशी जीप थांबली. तिचा भाऊ माणसं घेऊन उतरला. मागच्या दाराबाहेर नुसती उघडी वाळू होती. लपायला आडोसा नव्हता. शैलजानं शाळेची सहल घेऊन आलेल्या बाईंचा हात धरला. "बाई, आमी काल लगीन केलं. ह्यांना जित्तं ठेवायचा न्हाय माझा भाऊ." बाईंनी घराच्या राखणदाराला मागच्या दारानं पोलिसांकडं पिटाळलं. मग मुलांना म्हणाल्या, "ह्या दोघांभोवती गोल करा. हात सोडायचे नाहीत. ह्या कवींची पाठ केलेली कविता म्हणा, मोठ्यानं." पन्नास-साठ पोरं गाऊ लागली. "शैले, भाईर ये!" भाऊ ओटीवर चढून ओरडला, पण त्याचा आवाज गाण्यात बुडाला. त्यानं एका मुलीचा खांदा धरला. ती थरथरत होती, तरी गातच राहिली. त्यानं हात काढून घेतला. गोलाच्या मधे बुद्धघोषनं डोळे मिटले होते. त्याचे ओठही तीच कविता म्हणत होते. कविता संपली. ओटीवर फक्त लाटांचा आवाज उरला. पोलीस अजून आले नव्हते. भाऊ पुढं सरकला. "पुन्हा," बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून."