चुकीचं चाक

शेडमधल्या मापं घ्यायच्या प्रोजेक्टरच्या पडद्यावर बोल्टची सावली पडली आणि त्याचे आटे डोंगरांच्या रांगेसारखे उभे राहिले. सरोजिनी लोहारने आटे मोजायच्या गेजचं एकेक पातं लावून पाहिलं. मिलिमीटरचं बसेना, इंचाचंही बसेना.

"चंद्रावरची वस्ती गप्प झाली त्याला वर्षं लोटली," अंतराळ केंद्राचे घोरपडे म्हणाले. "परवा तिथलं एक यान आपोआप खाली आलं, रिकामंच. दार बाहेरून ह्या नव्याकोऱ्या बोल्टने आवळलेलं होतं. कुठल्या कारखान्याचा असेल?"

सरोजिनीने पुन्हा माप घेतलं आणि तिला एकदम हसू फुटलं. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडताना तिचा नवरा हमखास चुकीचं दातेरी चाक लावायचा आणि आटे कुठल्याच मापात बसायचे नाहीत. तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण वस्तीवर टर्नर म्हणून गेला तो ती खोड घेऊनच.

"कारखान्याचा नाही. आमच्या ह्यांचा आहे."

शेडच्या दारातून दुपारचा फिकट चंद्र दिसत होता. तिने लेथवर मुद्दाम चुकीचं चाक चढवलं आणि एका नटाला आटे पाडले. नट बोल्टवर अलगद फिरत गेला, कुठे अडखळला नाही.

"एवढा वर धाडा," ती म्हणाली. "चिठ्ठी नको. आटे बसले की त्यांना कळेल, कुणी पाडले ते."